वेदना सोसणे हे औषध नव्हे



आपल्याकडे कोणावर शस्त्रक्रिया झाली की भेटायला येणारी मंडळी दोन गोष्टी हमखास आणतात. एक म्हणजे शहाळी-मोसंबी आणि दुसरी म्हणजे उपदेश. "ऑपरेशन म्हटले की दुखायचेच. दोन दिवस कळ काढ, होईल सारे ठीक." रुग्ण तरुण मुलगा असला तर "एवढा दांडगा गडी तू, आणि कण्हतोस काय?" अशी पुस्ती जोडली जाते. बाई असली तर तिला बाळंतपणाची आठवण करून देण्यात येते. सांगणाऱ्यांच्या मनात माया असते, यात शंका नाही. परंतु या उपदेशात दोन समजुती दडलेल्या आहेत. शस्त्रक्रियेनंतरची वेदना अटळ आहे, ही पहिली. ती मुकाट्याने सोसण्यात काही गुण आहे, ही दुसरी. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. कोणत्या रुग्णाला कोणते औषध द्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. ते डॉक्टरांचे काम. पण वेदना शरीरातून कशी वाहते, ती कोठे अडवता येते आणि अडवली तर काय मोजावे लागते, हे प्रश्न पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र या तिन्हींच्या सीमेवरचे आहेत. शाळेत शिकलेल्या गोष्टींच्या आधारे त्यांचा विचार तुम्हालाही करता येईल.

उदाहरण म्हणून खांदा घेऊ. कबड्डीत चढाई करताना पकड बसते, हात पिरगळला जातो आणि खांदा निखळतो. उतारवयात खांद्याचे स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा झिजून फाटतात. आज यांतील पुष्कळ शस्त्रक्रिया दुर्बिणीने होतात. बाहेरून पाहिले तर जेमतेम तीन-चार छिद्रे दिसतात. आत मात्र हाडाला भोके पाडून त्यांत बारीक खुंट्या बसवलेल्या असतात आणि फाटलेली कंडरा दोऱ्यांनी ओढून त्यांना बांधलेली असते. म्हणूनच बाहेरची जखम लहान असली तरी पहिले एक-दोन दिवस कळा फार तीव्र असतात.

घंटा कशासाठी?

वेदना निरुपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये. ती शरीराची धोक्याची घंटा आहे. २००६ साली उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातील काही मुलांना जन्मापासून वेदना अशी जाणवतच नव्हती. त्यांतला एक मुलगा रस्त्यावर खेळ करीत असे. दंडातून सुऱ्या आरपार घालणे, निखाऱ्यांवरून चालणे, असे ते खेळ. वयाची चौदा वर्षे पुरी होण्याआधीच छपरावरून उडी मारल्याने तो दगावला. ज्याची घंटा वाजत नाही त्याचे आयुष्य असे धोक्याचे असते.

पण घंटेचे काम धोका कळवण्याचे. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला कोणता धोका कळायचा राहिलेला असतो? जखम कोठे आहे हे त्याला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे, हात झोळीत बांधलेला आहे. आग विझवणारे घरात येऊन पोचले तरी घंटा रात्रभर वाजतच राहावी, तसा हा प्रकार होतो. त्याचे तोटे खरे असतात. झोप लागत नाही. नाडी आणि रक्तदाब वाढतो. आखडलेला खांदा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया असेल तर दुसऱ्या दिवसापासूनच हात हलवावा लागतो. दुखणाऱ्या माणसाला ते जमत नाही आणि खांदा पुन्हा आखडू लागतो. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस ज्यांना तीव्र वेदना झाल्या, त्यांच्यामध्ये पुढे महिनोन्‌महिने दुखणे रेंगाळण्याचे प्रमाणही अधिक दिसते. तेव्हा सोसण्याने रोगी कणखर होतो हे म्हणणे टिकत नाही.

तार नव्हे, माणसांची साखळी

आता ही घंटा वाजते कशी ते पाहू. पुष्कळांना वाटते की मज्जातंतू म्हणजे विजेची तार. तसे नाही. तारेतून संदेश जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जातो. मज्जातंतूतील संदेशाचा वेग १८५० साली हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूवर मोजला. तो भरला सेकंदाला साधारण तीसेक मीटर, म्हणजे धावत्या आगगाडीइतका. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमात ज्यांचे नाव तुम्ही वाचता तेच हे हेल्महोल्ट्झ. त्यांचे शिक्षण मात्र वैद्यकाचे झाले होते!

वेदनेचे तंतू त्याहूनही मंद असतात. ठेच लागते तेव्हा आधी झणकन कळ येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो, हे तुम्ही अनुभवले असेल. पहिली कळ आणणारे तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने संदेश नेतात, तर ठणका आणणाऱ्या बारीक तंतूंचा वेग सेकंदाला सुमारे एक मीटरच असतो. अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंतचे अंतर सुमारे एक मीटर धरा, म्हणजे ठणका मागाहून का येतो ते कळेल.

संदेश असा रेंगाळत का जातो? मज्जातंतूच्या पटलाच्या आत आणि बाहेर सुमारे ७० मिलिव्होल्टचे विभवांतर असते. आतली बाजू ऋण, बाहेरची धन. ७० मिलिव्होल्ट म्हणजे कमीच वाटते. पण पटलाची जाडी अवघी सातेक नॅनोमीटर. भागाकार करून पाहा. विद्युत्‌क्षेत्राची तीव्रता मीटरला सुमारे एक कोटी व्होल्ट येते. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरला सुमारे तीस लाख व्होल्ट पुरतात! या पटलात सोडियम आयनांसाठी सूक्ष्म दारे असतात. दार उघडले की सोडियम आयन आत घुसतात, तेथील विभव बदलते, त्यामुळे पुढचे दार उघडते, मग त्याच्या पुढचे. हॉजकिन आणि हक्सली यांनी माखली जातीच्या समुद्रप्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून हे गणितात बसवले. त्यांचे निबंध १९५२ साली प्रसिद्ध झाले आणि १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

गावात आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांग धरतात आणि बादल्या हातोहात पुढे देतात. मज्जातंतूतील संदेश तसा जातो. मधला एकच माणूस थांबला तर पलीकडचा हात लांबवून बादली घेईल. पण सलग तीन-चार माणसांनी हात बांधून घेतले तर रांग तुटलीच. मज्जातंतूचेही असेच आहे. त्याच्या काही मिलिमीटर लांबीवरची दारे बंद केली की पुढे काहीच पोचत नाही. खांद्यात जखम आहे, तिथला तंतू ओरडतो आहे, पण मेंदूला ते ऐकू येत नाही. मज्जातंतू असा वाटेत अडवण्यालाच नर्व्ह ब्लॉक म्हणतात.

दाराला खीळ

दारे बंद करणारे पहिले औषध कोकेन. १८८४ साली व्हिएन्नातील तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवले. लगेच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॅल्स्टेड या शल्यविशारदाने कोकेनची सुई मज्जातंतूजवळ देऊन अख्खा भाग बधिर करण्याचे प्रयोग केले. ते प्रयोग त्यांनी स्वतःवरही केले आणि त्यात त्यांना कोकेनचे व्यसन जडले. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी व्यसन न लावणारी औषधे घडवली. स्वीडनमध्ये लोफ्ग्रेन यांनी १९४३ साली तयार केलेले औषध आपल्याकडे लिग्नोकेन या नावाने ओळखले जाते. दात काढताना तुम्ही त्याची सुई घेतली असेल. खांद्याच्या ब्लॉकसाठी त्याहून अधिक काळ टिकणारी ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन ही औषधे वापरतात.

यातील रसायन मोठे मजेचे आहे. ही औषधे सौम्य अल्क आहेत. त्यांचे विद्युत्‌भाररहित रेणू पटलातून पार होतात. आत गेल्यावर त्यांना हायड्रोजन आयन चिकटतो, आणि असे भारित झालेले रेणू आतल्या बाजूने सोडियमच्या दाराला खिळीसारखे बसतात. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, तेथे भाररहित रेणू कमी उरतात आणि औषधाचा गुण कमी येतो. सुजलेल्या हिरडीला सुई नीट लागू पडत नाही, त्याचे एक कारण हेच. काही तासांनी रक्त हे रेणू वाहून नेते, खीळ निघते आणि मज्जातंतू पूर्ववत काम करू लागतो.

सुई नेमकी कोठे?

खांद्याकडे आणि हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची मुळे मानेच्या खालच्या भागातून निघतात आणि मानेतील दोन स्नायूंच्या फटीतून बाहेर येतात. त्या फटीत औषध सोडण्याची पद्धत अमेरिकेतील डॉक्टर अॅलन विनी यांनी १९७० साली मांडली. जागा मात्र अडचणीची. शेजारीच मोठ्या रक्तवाहिन्या, खाली फुप्फुसाचे टोक. पूर्वी भूलतज्ज्ञ बोटांनी चाचपून सुई घालीत आणि "हातात करंट मारला का?" असे रुग्णाला विचारीत. मग सुईतून अर्ध्या मिलिअॅम्पिअरच्या आसपासचा विद्युत्‌प्रवाह सोडण्याची युक्ती आली. सुईचे टोक मज्जातंतूजवळ गेले की खांद्याचा स्नायू फडफडतो. गॅल्व्हानींच्या बेडकाची तंगडी आठवते ना? तोच प्रयोग आता रोग्याच्या उपयोगी पडला.

१९९४ साली व्हिएन्नातच, कोलर यांच्यानंतर ११० वर्षांनी, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत गळपट्टीच्या हाडावरील मज्जातंतूंना ब्लॉक दिल्याचे काम प्रसिद्ध झाले. येथे तुमचे ध्वनीचे सूत्र कामी येते. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. श्राव्यातीत लहरींची वारंवारता १२ मेगाहर्ट्‌झ घेतली तर तरंगलांबी सुमारे ०.१३ मिलिमीटर येते. मज्जातंतूंची मुळे काही मिलिमीटर जाडीची, म्हणून ती पडद्यावर एकाखाली एक काळसर मण्यांसारखी दिसतात. वारंवारता आणखी वाढवली तर चित्र अधिक रेखीव होते, पण लहरी खोल पोचत नाहीत. मानेत मुळे दोनेक सेंटिमीटरवरच असतात, म्हणून हा सौदा परवडतो. दोन सेंटिमीटरवरून प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागेल? उत्तर सुमारे २६ मायक्रोसेकंद यायला हवे.

किंमत मोजावी लागतेच

येथवर वाचून तुम्हाला वाटेल की मी नर्व्ह ब्लॉकची जाहिरात करतो आहे. तसे नाही. श्वासपटल हलवणारा मज्जातंतू मानेतूनच निघतो आणि याच जागेच्या अगदी जवळून खाली उतरतो. १९९१ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी तपासून दाखवले की त्या वेळच्या नेहमीच्या मात्रेने त्या बाजूचे अर्धे श्वासपटल प्रत्येक रुग्णात लुळे पडत होते. धडधाकट माणसाला ते काही तास फारसे जाणवत नाही. जुना दमेकरी असेल किंवा फुप्फुसे आधीच दुबळी असतील, तर मात्र तो गंभीर प्रश्न होतो. दोन्ही बाजूंना एकाच वेळी असा ब्लॉक देत नाहीत तो यामुळेच. काही रुग्णांचा आवाज घोगरा होतो, पापणी जड होते. औषध उतरले की हे जाते. मज्जातंतूला कायमची इजा होणे विरळा, पण अशक्य नाही. औषध चुकून रक्तवाहिनीत गेले तर झटके येऊ शकतात, हृदय थांबू शकते. त्यावर शिरेतून स्निग्ध पदार्थाचे दुधाळ मिश्रण देण्याचा उपाय १९९८ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आला आणि २००६ पासून माणसांतही त्याचा उपयोग झाल्याची उदाहरणे प्रसिद्ध झाली.

पाहून सुई घालता येऊ लागली तेव्हा या किमतीही घटल्या. टोरांटो येथे २००८ साली २० मिलिलिटर औषध आणि ५ मिलिलिटर औषध यांची तुलना करण्यात आली. वेदना दोन्हींत सारखीच कमी झाली. पण २० मिलिलिटर दिलेल्या सर्वांचे श्वासपटल अडखळले, तर ५ मिलिलिटर दिलेल्यांपैकी ४५ टक्क्यांचे. नेमकेपणा वाढला की मात्रा घटवता येते, हा धडा कोणत्याही प्रयोगशाळेत खरा आहे. फुप्फुसे दुबळी असणाऱ्यांसाठी खांद्याजवळच्या तंतूंना खालीच अडवण्याच्या पद्धतीही आता आहेत.

आणखी एक खबरदारी. घंटा बंद केली की पहारा आपल्याला द्यावा लागतो. बधिर हाताला चटका बसला तरी कळत नाही, हात वाकडा अवघडून राहिला तरी कळत नाही. म्हणून तो झोळीत नीट ठेवावा, गरम भांड्यापासून दूर ठेवावा. शिवाय एका सुईचा परिणाम साधारण अर्धा ते एक दिवस टिकतो आणि तो उतरला की कळा एकदम उसळतात, बहुधा रात्रीच! डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या त्याआधीच घ्यायच्या असतात. हे आधी समजावून न सांगितल्यामुळे "ब्लॉक फुकट गेला" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

आक्षेपांचा विचार

"मॉर्फिन आहे की, मग सुई कशाला?" असे कोणी विचारील. मॉर्फिन मोलाचे औषध आहे. पण ते सर्व शरीरभर जाते. मळमळ, बद्धकोष्ठ होते, मात्रा चुकली तर श्वास मंदावतो. शिवाय आपल्या देशात कायदेशीर अफूची शेती होत असूनही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे मॉर्फिन रुग्णांपर्यंत पोचणे अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी सुकर केली. नर्व्ह ब्लॉक दिल्याने असली औषधे कमी लागतात. केवळ वेदनेच्या तंतूंतील सोडियमची दारे अडवणाऱ्या गोळ्यांचा शोधही चालू आहे. सुझेट्रिजिन नावाच्या अशा औषधाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो खोटा नाही. लहान गावातील दवाखान्यात सोनोग्राफीचे यंत्र शस्त्रक्रियागृहात असेलच असे नाही. गर्भलिंगनिदानाचे पाप रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. त्यानुसार हे यंत्र नोंदलेले असावे लागते, आणि ते योग्यच आहे. मला म्हणायचे आहे ते एवढेच, की रुग्णालयांनी भूलतज्ज्ञासाठी रीतसर नोंदणी करून असे यंत्र घेण्याला चैन मानू नये. पाहून दिलेली सुई ही सुरक्षिततेची बाब आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: "रोगी काही बोलत नाही, म्हणजे त्याला फारसे दुखत नसेल." या समजुतीने किती अनर्थ केला आहे पाहा. १९८० च्या दशकापर्यंत नवजात बालकांना फारशी वेदना कळत नाही, असे मोठमोठ्या डॉक्टरांनाही वाटे आणि पुरेशी भूल न देता त्यांच्यावर शस्त्रक्रिया होत. १९८७ साली भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजीत आनंद आणि त्यांचे ऑक्सफर्डमधील सहकारी यांनी अशा बालकांच्या रक्तातील संप्रेरके मोजली. वेदनाशामक दिलेल्या बालकांच्या शरीरावरचा ताण कमी होता आणि शस्त्रक्रियेनंतरचा त्रासही कमी होता. जे गृहीत धरले होते ते मोजल्यावर चूक निघाले. मुकाट राहणाऱ्या प्रौढांच्या बाबतीतही आपण मोजल्याशिवाय गृहीत का धरावे?

मग करायचे काय? घरातील कोणाची खांद्याची शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना आधीच भेटा आणि विचारा: वेदनेसाठी काय योजना आहे? ब्लॉक देता येईल का? फुप्फुसाचा आजार असल्यास कोणता? तो किती तास टिकेल, आणि उतरल्यावर पुढे काय? यात उद्धटपणा काहीच नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला "दुखते का?" एवढेच विचारू नका. "शून्य ते दहापैकी किती?" असे विचारा, आकडा लिहून ठेवा आणि वाढला तर परिचारिकेला सांगा.

शिक्षकमित्रांनाही एक विनंती. मज्जातंतू हा धडा जीवशास्त्राच्या तासाला आणि विभवांतर हा पदार्थविज्ञानाच्या तासाला, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. एकदा दोन्ही वह्या शेजारी ठेवून ७० मिलिव्होल्ट भागिले सात नॅनोमीटर हे गणित फळ्यावर मांडा. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्याला पदार्थविज्ञान कशाला हवे, हा प्रश्न वर्गात पुन्हा कोणी विचारणार नाही. आणि त्या वर्गातील चाळीस-पन्नास मुले उद्या आपापल्या घरी कोणाला "कळ काढ" असे सांगण्यापूर्वी जरा थांबली, तर तो तास सत्कारणी लागला असे मी समजेन.